हंडीतली हवा: ‘द बेल जार’मधले आजारपण आणि बाईपण

‘द बेल जार’ ही सिल्व्हिया प्लॅथ या अमेरिकन कवयित्रीची एकमेव प्रकाशित कादंबरी. १४ जानेवारी १९६३ रोजी लंडनच्या हाइनमन या प्रकाशनसंस्थेने ती काढली, तेव्हा मुखपृष्ठावर प्लॅथ यांचे नाव नव्हते. ‘व्हिक्टोरिया लुकस’ असे टोपणनाव होते. कादंबरीतली बरीच माणसे खऱ्या माणसांवरून बेतलेली होती आणि आईसकट कोणी दुखावले जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. पुस्तक निघून महिना व्हायच्या आत, ११ फेब्रुवारीला, प्लॅथ यांनी लंडनमध्ये आपले आयुष्य संपवले. त्या तीस वर्षांच्या होत्या. १९६६ साली कादंबरी त्यांच्या खऱ्या नावाने इंग्लंडमध्ये निघाली. अमेरिकेत मात्र, आईच्या विरोधामुळे, ती यायला १९७१ साल उजाडले.

बेल जार म्हणजे प्रयोगशाळेतली घंटेच्या आकाराची काचेची हंडी. शाळेत ध्वनीचा धडा शिकवताना विजेची घंटा अशा हंडीत ठेवतात आणि पंपाने आतली हवा काढून घेतात. टोला घंटेवर आपटताना दिसतो, पण आवाज ऐकू येत नाही. एस्थर ग्रीनवूड या एकोणीस वर्षांच्या नायिकेला आपले आजारपण अशाच हंडीसारखे वाटते. फरक इतकाच की तिच्या हंडीतली हवा काढून घेतलेली नाही. तीच ती हवा आत कोंडली आहे आणि आपल्याच उच्छ्वासात ती बसून आहे. बाहेरचे जग तिला स्पष्ट दिसते. तीही बाहेरच्यांना दिसते. दिसत असल्यामुळे आत काही बिघडले आहे, हे कोणाच्या लवकर ध्यानात येत नाही.

मनाच्या आजारावर याआधीही कादंबऱ्या लिहिल्या गेल्या होत्या आणि मुलींवरच्या बंधनांवरही. या कादंबरीने दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात हे दाखवले. मुलगी बरी आहे की नाही हे ज्या खुणांवरून ठरते, त्याच खुणांवरून ती ‘मुलीसारखी’ आहे की नाही हेही ठरते: केस धुतलेले आहेत का, मुलगा पाहिला आहे का, हसते-बोलते का, पुढे काय करायचे ते ठरले आहे का. अशा वेळी बरे होणे म्हणजे नेमके काय होणे, हा प्रश्न एस्थरला शेवटपर्यंत सुटत नाही.

घडणीची कादंबरी आणि मुलीची अडचण

तरुण माणूस घर सोडतो, शहरात येतो, चुकतो, ठेचकाळतो आणि अखेर समाजात आपली जागा मिळवतो, अशा गोष्टीला जर्मन समीक्षेने ‘बिल्डुंग्सरोमान’ असे नाव दिले. मराठीत तिला घडणीची कादंबरी म्हणता येईल. गोएथे यांची १७९५-९६ मध्ये आलेली ‘विल्हेल्म माइस्टर’ हा तिचा मूळ नमुना मानतात. या प्रकाराला एक गोष्ट गृहीत धरावी लागते: वाट कितीही वाकडी असली तरी ती कुठेतरी पोचते. नायकाने फक्त चालायचे असते.

मुलीच्या बाबतीत हे गृहीतच अडते. एकोणिसाव्या शतकातल्या नायिकांच्या वाटा बहुधा दोनच ठिकाणी पोचत. शार्लट ब्राँटे यांची जेन एअर (१८४७) लग्नापाशी पोचते. जॉर्ज एलियट यांच्या ‘द मिल ऑन द फ्लॉस’मधली (१८६०) मॅगी पुरात बुडते. विसाव्या शतकात मुली कॉलेजात गेल्या, शिष्यवृत्त्या मिळवू लागल्या आणि मधला रस्ता पुष्कळ लांबला. पोचण्याचे ठिकाण मात्र फारसे बदलले नाही.

‘द बेल जार’ची तुलना जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’शी (१९५१) नेहमी होते. दोन्हींत न्यूयॉर्क आहे, ढोंगाचा तिटकारा आहे आणि मन कोलमडणे आहे. पण सॅलिंजर यांच्या नायकाचा, होल्डनचा, प्रश्न मोठे व्हावे की नाही असा आहे. एस्थरचा प्रश्न मोठे होऊन कोण व्हावे असा आहे. मराठीत त्याच १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली, हा योगायोग बोलका आहे. पुण्याच्या कॉलेजातून हात हलवत परतलेल्या तिच्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला, बापाशी कितीही वाकडे असले तरी, सांगवीला जायला घर असते. एस्थरलाही घर आहे, आई आहे. परंतु परतणे म्हणजे काय, हे तिच्यासाठी आधीच ठरलेले आहे: टायपिंग, शॉर्टहँड आणि मग लग्न.

१९५३ सालची अमेरिका

कादंबरीचा काळ १९५३ चा उन्हाळा. दुसऱ्या महायुद्धात कारखाने आणि कचेऱ्या सांभाळणाऱ्या बायकांना युद्ध संपल्यावर पुन्हा घराकडे वळवण्यात आले होते. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या मुलींचे पहिल्या लग्नाचे मध्यम वय सुमारे वीस वर्षांवर आले, म्हणजे कॉलेज पुरे होण्याच्याही आधीचे. उपनगरातले घर, मोटार, चार मुले आणि संध्याकाळी कामावरून येणारा नवरा हे सुखाचे ठरीव चित्र झाले होते.

शिकलेल्या मुलींनाही हेच सांगितले जाई, फक्त अधिक अदबीने. प्लॅथ यांनी १९५५ मध्ये स्मिथ कॉलेजातून पदवी घेतली. त्या समारंभात डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी पदवीधर मुलींपुढे भाषण केले. पत्नी आणि माता या नात्याने घरातूनच त्या देशाची मोठी सेवा करू शकतात, असा त्याचा आशय होता. याच कॉलेजच्या आधीच्या एका विद्यार्थिनीने, बेटी फ्रिडन यांनी, घरात सगळे असूनही उदास राहणाऱ्या शिकल्यासवरल्या गृहिणींवर पुस्तक लिहिले. ‘द फेमिनिन मिस्टीक’ हे ते पुस्तक फेब्रुवारी १९६३ मध्ये, प्लॅथ यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, प्रसिद्ध झाले.

कादंबरी सुरू होते ती ज्यूलियस आणि एथेल रोझेनबर्ग यांच्या देहदंडाच्या बातमीने. सोव्हिएत रशियासाठी हेरगिरीच्या कटात दोषी ठरलेल्या या दांपत्याला १९ जून १९५३ रोजी विजेच्या खुर्चीत मृत्युदंड देण्यात आला. एस्थरचा त्या खटल्याशी काही संबंध नाही, तरी ती शिक्षा तिच्या डोक्यातून जात नाही. एथेलचे माहेरचे आडनाव ग्रीनग्लास होते. ग्रीनवूडशी त्याचे असलेले साम्य अभ्यासकांनी टिपले आहे. चाकोरीबाहेर गेलेल्या बाईच्या शरीरातून वीज सोडण्याची ही पहिली खूण. दीडशेएक पानांनंतर ती वीज दवाखान्यात, उपचार म्हणून, एस्थरच्या डोक्यापर्यंत येते.

न्यूयॉर्कमधला महिना

एस्थर बोस्टनजवळच्या उपनगरातली, वडील लहानपणीच वारलेली, प्रत्येक परीक्षेत पहिली येणारी मुलगी. एका फॅशन मासिकाच्या स्पर्धेत जिंकलेल्या बारा मुलींपैकी एक म्हणून ती महिनाभर न्यूयॉर्कला येते. फक्त स्त्रियांसाठी असलेल्या ‘अ‍ॅमेझॉन’ नावाच्या हॉटेलात सगळ्यांची सोय असते. खुद्द प्लॅथ जून १९५३ मध्ये ‘मादमोझेल’ मासिकाच्या वीस पाहुण्या संपादकांपैकी एक होत्या आणि बार्बिझन या स्त्रियांच्या हॉटेलात राहिल्या होत्या.

बाहेरून पाहणाऱ्याला हे भाग्य वाटावे. एस्थरला मात्र आपण स्वतःलाच चालवत नाही, कोणीतरी इकडून तिकडे ढकलते आहे, असे वाटत राहते. तिच्यासमोर मुलींचे आणि बायकांचे नमुने ओळीने येतात. डोरीन बिनधास्त, रात्र बाहेर काढणारी. बेट्सी सालस, गावाकडची. संपादिका जे सी कर्तबगार आहे, पण तिच्या दिसण्यावरून मुली मागे कुजबुजतात. घराशेजारची डोडो कॉनवे सहा मुलांची आई, सातवे पोटात. यातली प्रत्येक जण एस्थरला आपल्यासारखी करू पाहते, किंवा तसे तिला वाटते. एकीच्या आयुष्यातले थोडे आणि दुसरीच्या आयुष्यातले थोडे, असे मात्र कुठेच मिळत नाही.

बडी विलर्ड हा वैद्यकीचा विद्यार्थी तिचा होऊ घातलेला नवरा, निदान दोन्ही घरांच्या मते. त्याने एका उन्हाळ्यात हॉटेलातल्या वेट्रेसशी संबंध ठेवले होते, हे एस्थरला कळते. तिचा राग संबंधांवर नाही. स्वतः सगळे करून तो तिच्यापुढे निष्पाप मुलासारखा वावरत आला, याचा तिला संताप येतो. मुलीने पवित्र राहायचे आणि मुलाने अनुभवी व्हायचे, हा दुटप्पी हिशेब तिला पहिल्यांदाच उघडा दिसतो. बडीच तिला कॉलेजात बरण्यांमध्ये ठेवलेली, जन्माआधी मेलेली अर्भके दाखवतो आणि एक बाळंतपणही पाहायला नेतो. प्रसूत होणाऱ्या बाईला दिलेल्या औषधाने ती वेदना विसरून जाईल, असे तो सांगतो. एस्थर मनाशी म्हणते की हे औषध नक्की कोणा पुरुषाने शोधले असणार: वेदना तर होतेच, फक्त तिची आठवण पुसली जाते, म्हणजे बाई पुढच्या खेपेला पुन्हा तयार.

पायपुसणे, अंजीर आणि शॉर्टहँड

कादंबरीतल्या तीन वस्तू जवळून पाहिल्या की आजार आणि अपेक्षा यांचा गुंता सर्वांत नीट दिसतो.

पहिली वस्तू पायपुसणे. बडीची आई नवऱ्याच्या जुन्या लोकरी सुटांच्या पट्ट्या कापून, आठवडेच्या आठवडे खपून एक गालिचा विणते. हिरवे, निळे, तपकिरी रंग असे खुलून येतात की एस्थरच्या मते तो भिंतीवर टांगायला हवा. मिसेस विलर्ड तो स्वयंपाकघरात जमिनीवर अंथरतात. चार दिवसांत तो मळतो आणि बाजारातल्या कुठल्याही स्वस्त पायपुसण्यासारखा दिसू लागतो. या बाई प्राध्यापकाच्या पत्नी, स्वतःही पूर्वी शिक्षिका असलेल्या. त्यांच्यावर कोणी जुलूम केलेला नाही. एस्थर घाबरते ती नेमकी यामुळेच. लग्न म्हणजे छळ असता तर नाही म्हणणे सोपे होते. इथे कौशल्य, कष्ट, सौंदर्य सगळे आहे, आणि ते पायाखाली जायचे हे नवरा-बायको दोघांनाही इतके स्वाभाविक वाटते की त्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी वस्तू अंजीर. एका कथेत अंजिराच्या झाडाविषयी वाचल्यावर एस्थर स्वतःला तशाच झाडाच्या बेचक्यात बसलेली पाहते. एका फांदीच्या टोकाला नवरा आणि मुले, दुसऱ्या टोकाला कवयित्रीची कीर्ती, तिसऱ्याला प्राध्यापकी, पुढे संपादकपद, परदेशचे प्रवास, प्रियकर. एक घेतले की बाकीची गेली, म्हणून ती एकालाही हात लावत नाही आणि फळे सुकून, काळी पडून खाली गळतात. हा प्रसंग इतका गाजला की त्याच्या पुढची ओळ बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. लगेचच एस्थर कॉन्स्टँटिन या दुभाष्याबरोबर जेवायला जाते आणि चार घास पोटात गेल्यावर तिला इतकी हुशारी येते, की अंजिरांचे ते सगळे दृश्य उपाशी पोटानेच रचले असेल, अशी शंका तिच्या मनात येते. प्लॅथ यांचा तिरकस विनोद इथे दिसतो. आपल्याच रूपकाला त्या पुरते खरे मानू देत नाहीत. निवड न करता येणे हे समाजाने घातलेले कोडे आहे की आजाराची चाहूल, की नुसती भूक, हे त्या वाचकावर सोडतात.

याच प्रश्नाचे दुसरे टोक बडीशी झालेल्या एका संभाषणात आहे. गावात राहायला आवडेल की शहरात, असे तो विचारतो. दोन्हीकडे, असे ती सांगते. तो हसतो; मानसशास्त्राच्या तासाला शिकवलेल्या प्रश्नावलीत हे उत्तर मनोविकाराचे लक्षण असते म्हणे. एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असणे हा मनोविकार असेल, तर आपण पक्क्या मनोविकारी आहोत, असे एस्थर त्याला सुनावते. गाव-शहराच्या जागी घर आणि लेखन ठेवून पाहिले, की या थट्टेची धार कळते.

तिसरी वस्तू शॉर्टहँड. एस्थरची आई कॉलेजात शॉर्टहँड आणि टायपिंग शिकवते. प्लॅथ यांच्या आई ऑरीलिया यांनीही हाच विषय शिकवला होता. नवरा गेल्यावर याच विद्येवर आईने दोन मुले वाढवली. म्हणून मुलीनेही ती शिकावी, इंग्रजीच्या पदवीला शॉर्टहँडची जोड असली की तरुण साहेब मंडळी तिला झेलतील, हा तिचा हिशेब व्यवहारातला आहे आणि प्रेमातलाही. एस्थरला मात्र दुसऱ्याने सांगितलेले उतरवून घ्यायचे नाही. पत्र सांगणारी आपण असावे, असे तिला वाटते. आई-मुलीतला हा दुरावा खलनायिकेविना उभा राहतो. आई जे देऊ पाहते ते तिच्या दृष्टीने जगण्याचे साधन असते. मुलीला तीच बेडी वाटते.

आजार कसा दिसतो

न्यूयॉर्कहून परतताना एस्थर आपले सगळे नवे कपडे हॉटेलच्या गच्चीवरून एकेक करून शहरावर सोडून देते आणि बेट्सीच्या कपड्यांत घरी येते. उन्हाळी लेखनवर्गात प्रवेश मिळाला नाही, ही बातमी तिची वाट पाहत असते. त्यानंतर सगळे घसरत जाते.

मोठा आक्रोश, भास, किंकाळ्या यांतले काही इथे नाही. झोप लागत नाही. तेच कपडे आठवडेच्या आठवडे अंगावर. केस धुवायचे नाहीत, कारण आज धुतले तर उद्या पुन्हा धुवावे लागणार, आणि त्या नुसत्या विचारानेच थकवा येतो. पुस्तक उघडले की अक्षरे हलू लागतात. पत्र लिहायला बसले की हस्ताक्षर लहान मुलासारखे वेडेवाकडे येते. जिची सगळी ओळख वाचण्या-लिहिण्यावर उभी आहे, तिच्या हातून नेमके तेच निसटते. तीव्र नैराश्यातली थिजलेली, पाय न उचलणारी अवस्था आत बसून इतक्या काटेकोरपणे लिहिणारे लेखन तोवर फार थोडे होते. कादंबरी एस्थरच्या आजाराला नाव देत नाही. लक्षणे मात्र दाखवते आणि ती लोकांच्या नजरेला कशी दिसतात हेही दाखवते. न धुतलेले केस आईला आळस वाटतात. मुलीने नीटनेटके राहावे या अपेक्षेत आजाराची हाक विरून जाते. बरे व्हायचे म्हणजे मनाशी ठरवायचे, अशी आईची प्रामाणिक समजूत आहे.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. समाजाने एस्थरला वेडे केले, असे कादंबरी म्हणत नाही. डोरीन, बेट्सी आणि बाकीच्या मुली त्याच समाजात राहून आजारी पडत नाहीत. आजार खरा आहे, शरीरात आहे, उपचाराने हटतो. समाजाचा भाग असा, की त्याने आजाराला शब्द पुरवले आणि आजारी मुलीकडे बघायची नजरही घडवली.

दोन डॉक्टर, दोन शॉक

विजेचे शॉक देण्याची उपचारपद्धती १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेती आणि लुचियो बिनी यांनी सुरू केली. मेंदूत आकडी आणून तीव्र नैराश्य ओसरवायचे, हे तिचे तत्त्व. सुरुवातीला भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देताच शॉक दिले जात आणि रुग्णाचे हाल होत. १९५० च्या दशकात ही औषधे वापरात येऊ लागली. आज ही पद्धत सामान्यतः भूल देऊन वापरली जाते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल न देता शॉक देण्यास बंदीच घातली आहे.

एस्थरचे पहिले डॉक्टर गॉर्डन. तरुण, देखणे, तासाला पंचवीस डॉलर घेणारे. टेबलावर बायको-मुलांचा फोटो अशा रीतीने ठेवलेला की तो रुग्णाकडेही वळलेला असावा. ती कोणत्या कॉलेजात आहे हे ऐकल्यावर युद्धाच्या काळात तिथे असलेल्या लष्करी तुकडीतल्या मुली किती छान होत्या, ही आठवण त्यांना येते. एस्थर बिघडलेल्या हस्ताक्षराचे कपटे त्यांच्यापुढे ठेवते. ते पाहून न पाहिल्यासारखे करतात. मग शॉक ठरतो. दवाखान्यात तिला मोटारीने नेते ती डोडो कॉनवे, शेजारची भरल्या घरची आई. शॉक नीट दिला जात नाही. विजेने हादरून निघताना एस्थरला एकच प्रश्न पडतो, आपण असा कोणता गुन्हा केला होता? पहिल्या पानावरची विजेची खुर्ची इथे परत येते.

यानंतर एस्थर जीव द्यायचा प्रयत्न करते आणि वाचते. सरकारी रुग्णालयातून तिला खासगी संस्थेत हलवता येते, कारण तिची शिष्यवृत्ती देणाऱ्या श्रीमंत कादंबरीकार बाई, फिलोमिना गिनी, मदतीला येतात. त्या आधी तारेने विचारून घेतात की प्रकरणात कोणी मुलगा तर नाही ना. आई कळवते की नाही, आता आपण लिहू शकणार नाही असे मुलीला वाटते आहे. मग पैसे मिळतात. प्रेमभंगाचे दुःख आणि लेखनाचे दुःख यांची प्रतवारी एका तारेत लागते. प्लॅथ यांच्या आयुष्यात ही मदत ‘स्टेला डॅलस’च्या लेखिका ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांनी केली होती आणि उपचार मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन रुग्णालयात झाले होते.

दुसऱ्या डॉक्टर नोलन. बाईही मनोविकारतज्ज्ञ असू शकते, याचेच एस्थरला आधी नवल वाटते. आईचा राग येतो असे एस्थर बोलून टाकते, तेव्हा त्या तिला गप्प करत नाहीत. शॉक द्यायचा झाला तर आधी सांगेन, असा शब्द त्या देतात. ऐन सकाळी सांगतात म्हणून एस्थर बिथरते, पण त्या स्वतः तिच्याबरोबर आत जातात. शॉक नीट दिला जातो. ती उठते तेव्हा हंडी डोक्यापासून थोडी वर उचललेली असते आणि बाहेरची हवा लागते. उपचार तोच, पहिल्या वेळी शिक्षा वाटलेला, दुसऱ्या वेळी लागू पडलेला. फरक यंत्र चालवण्याच्या कौशल्याचा आणि रुग्णाशी बोलण्याच्या पद्धतीचा. शॉक म्हणजे छळच, असा या कादंबरीचा अर्थ लावणारे वाचक हा दुसरा प्रसंग विसरतात.

त्याच इमारतीत व्हॅलरी आहे. तिच्या कपाळावर दोन फिकट व्रण आहेत. मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडणारी लोबोटॉमी तिच्यावर झाली आहे. पूर्वी तिला सतत राग यायचा, आता येत नाही. तिला बाहेरही जायचे नाही. या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांना १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. व्हॅलरी हसतमुख, शांत, कोणाला त्रास न देणारी आहे. म्हणजे सालस मुलीच्या सगळ्या अटी ती पुऱ्या करते. बरे होण्याचे एक टोक असेही असते, हे कादंबरी एवढ्याशा प्रसंगात दाखवून पुढे जाते.

शरीराचा हिशेब

बरे होत असताना एस्थर डॉ. नोलन यांच्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन गर्भनिरोधक डायफ्रॅम बसवून घेते. त्या काळी मॅसॅच्युसेट्स राज्यात गर्भनिरोधकांवर कायद्याने बंदी होती. अविवाहितांना ती कायदेशीरपणे मिळू लागली १९७२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. त्यामुळे ही नुसती खासगी खरेदी नव्हती. दिवस जाण्याच्या भीतीनेच मुलीला पुरुषापुढे परावलंबी केले आहे, हे एस्थरला कळलेले असते. ती भीती सुटल्यावर कौमार्याचा प्रश्न ती आयर्विन नावाच्या प्राध्यापकाबरोबर एकदाचा संपवते. त्यातून रक्तस्राव होऊन तिला रुग्णालय गाठावे लागते. नंतर ती त्याला फोन करते तो प्रेमासाठी नाही, डॉक्टरांचे बिल भरायला सांगण्यासाठी.

जोन गिलिंग ही एस्थरची जुनी ओळखीची, एकेकाळी बडीबरोबर फिरलेली, याच दवाखान्यात आलेली. ती एस्थरची प्रतिमा आहे आणि तिला बायकांविषयी ओढ आहे. एस्थर तिला किळसून दूर ढकलते. पुढे जोन आपला जीव घेते. दोघी एका वाटेने चालत असताना एक वाचते आणि एक जाते, याचे कारण कादंबरी देत नाही.

शेवट आणि त्यानंतर

शेवटी बडी भेटायला येतो आणि आता तुझ्याशी लग्न कोण करणार, असे सहज विचारतो. समाजाच्या मापाने आजार किती महाग पडला, ते या एका प्रश्नातून कळते. मग डॉक्टरांच्या मंडळापुढे जायची वेळ येते. ते सोडतील तर एस्थर कॉलेजात परतणार. लाल लोकरी सूट घालून ती दाराशी उभी आहे. दोनदा जन्मलेल्यांसाठी काही विधी असायला हवा, असे तिला वाटते. जुन्या टायरवर नवे रबर चढवून, तपासून रस्त्यावर सोडावे, तशी आपली अवस्था. ती आत पाऊल टाकते आणि कादंबरी संपते. निकाल कळत नाही. हंडी पुन्हा केव्हा खाली येईल याचा भरवसा नाही, हे ती स्वतःच मनात नोंदवते.

वाचकाला मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून झालेली असते. न्यूयॉर्कच्या दिवसांत मिळालेल्या भेटवस्तूंबद्दल बोलताना एस्थर ओझरते सांगते, की चष्म्याच्या डबीवरचा प्लॅस्टिकचा तारामासा तिने अलीकडेच कापून बाळाला खेळायला दिला. म्हणजे पुढे तिला मूल झाले, आणि ही सगळी गोष्ट लिहिणारीही तीच आहे. अंजिरांची दोन फळे, घर आणि लेखन, निदान काही काळ तरी एका हातात आली. ती कशी आली, याबद्दल पुस्तक अवाक्षर काढत नाही.

कादंबरीच्या मर्यादाही उघड आहेत. तिची नजर गोऱ्या, शिकलेल्या, शिष्यवृत्तीच्या बळावर वर आलेल्या मुलीची आहे. दवाखान्यातल्या कृष्णवर्णी कामगाराचे चित्रण आज वाचवत नाही. जोनच्या समलैंगिकतेकडे पाहण्याची रीतही तशीच. एस्थरवर हंडी घालणारा समाज इतरांवर आणखी जड हंड्या घालून ठेवतो, हे पुस्तकाला दिसत नाही.

प्लॅथ यांच्या मृत्यूमुळे ही कादंबरी पुष्कळदा आत्महत्येच्या चिठ्ठीसारखी वाचली गेली. तसे वाचल्याने तिच्यातला विनोद हरवतो आणि आजारातून बाहेर पडण्याची दुसरी अर्धी गोष्टही. प्रत्यक्षात प्लॅथ १९५४ च्या सुरुवातीला स्मिथ कॉलेजात परतल्या, पदवीधर झाल्या, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेल्या आणि आजारपणाच्या त्या उन्हाळ्याकडे आठ वर्षांच्या अंतरावरून पाहत त्यांनी १९६१ मध्ये ही कादंबरी लिहिली. १९८२ साली त्यांच्या एकत्रित कवितांना मरणोत्तर पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९७० च्या दशकापासून मनोविकारशास्त्र स्त्रियांना कोणत्या मापाने मोजते, याचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात ‘द बेल जार’चा दाखला नेहमी दिला जातो. मुलीचे आजारपण आणि तिच्याकडून केलेल्या अपेक्षा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, तरी बाहेरच्या माणसाला त्या एकाच काचेतून दिसतात, हे या कादंबरीने लक्षणे आणि वस्तू मांडून दाखवले.